हाताशी आला, असे केव्हा म्हणावे?

व्यापारी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जाते : ‘मुलगा आता हाताशी आला.’ हे वाक्य बोलताना वडिलांच्या स्वरात समाधान असते, आईच्या चेहऱ्यावर किंचित काळजी असते आणि ज्याच्याविषयी ते बोलले जाते तो मुलगा बहुधा तेथे नसतो. तो माल उतरवून घेण्यास किंवा बँकेत गेलेला असतो. नेमक्या कोणत्या दिवशी तो हाताशी आला, असे विचारल्यास मात्र घरातील कोणालाही सांगता येत नाही. जन्माची तिथी जन्मपत्रिकेत असते, विवाहाची लग्नपत्रिकेत असते. कर्तेपणाची तिथी कोठेही नोंदलेली नसते. ती लहान लहान खुणांवरून उमगते, आणि तीही बहुधा घडून गेल्यावर.

मराठी भाषेने या अवस्थेसाठी तीन निरनिराळे शब्द दिले आहेत. कायदा ‘सज्ञान’ म्हणतो, घर ‘जाणता’ म्हणते आणि कुटुंबाचा व्यवहार ‘कर्ता’ म्हणतो. सज्ञान होण्यास वय पुरते. जाणता होण्यास अनुभव लागतो. कर्ता होण्यास मात्र दुसऱ्या कोणी तरी आपल्यावर विसंबावे लागते. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात अशी घरे विरळा. बहुतेक ठिकाणी त्यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर पडते. आणि त्या अंतरातच पुष्कळ गैरसमज, पुष्कळ अबोला आणि कधी कधी मोठे आर्थिक नुकसानही साठून राहते. म्हणून या खुणा वेळीच ओळखणे घराच्या आणि पेढीच्या हिताचे आहे.

कायद्याची तारीख

मनुष्य मोठा केव्हा होतो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक खिडकीवर वेगळे मिळते. रेल्वेच्या खिडकीवर बारावे वर्ष पूर्ण होताच पूर्ण भाडे भरावे लागते. म्हणजे विरारहून चर्चगेटला निघालेला सातवीतला मुलगा रेल्वेच्या हिशेबी मोठाच असतो. दहा वर्षांवरील मुलांना बँका ठरावीक मर्यादेत आपले बचत खाते स्वतः हाताळू देतात. मतदानाचे वय पूर्वी २१ होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ झाले. विवाहासाठी मुलाला २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, तर विधानसभेची निवडणूक लढविण्यासाठी २५.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा अठराव्या वर्षाचा. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने हे वय ठरविले आणि १८७२ च्या करार कायद्यानुसार सज्ञान व्यक्तीलाच करार करता येतो. याचा अर्थ किती कडक आहे, हे कलकत्त्यातील एका प्रसिद्ध खटल्यात दिसून आले. धर्मदास घोष नावाच्या अज्ञान तरुणाने आपली मालमत्ता गहाण ठेवून २०,००० रुपयांचे कर्ज काढण्याचा व्यवहार केला. सावकाराच्या वतीने काम पाहणाऱ्याला तरुणाच्या वयाची कल्पना होती. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९०३ मध्ये निर्णय झाला की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य आहे. सावकाराचे गहाणखत कागदापुरते उरले. त्या दिवसापासून आजतागायत ‘समोरच्याचे वय काय’ हा प्रश्न भारतातील प्रत्येक व्यवहाराच्या मुळाशी आहे.

भागीदारीच्या पेढ्यांना लागू पडणारी एक तरतूद याहूनही बोलकी आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार अज्ञान मुलाला भागीदार करता येत नाही. मात्र सर्व भागीदारांची संमती असल्यास त्याला पेढीच्या लाभात सामील करून घेता येते. नफ्यात त्याचा वाटा असतो. तोटा झाल्यास पेढीतील त्याचा हिस्सा जाऊ शकतो, परंतु त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर बोजा येत नाही. तो सज्ञान झाल्यावर, किंवा आपण अशा लाभात सामील आहोत हे त्याला कळल्यावर, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून सहा महिन्यांच्या आत त्याने जाहीर सूचना देऊन सांगावयाचे असते : मी भागीदार होतो, किंवा होत नाही. त्याने काहीच सांगितले नाही, तर सहा महिने संपताच कायदा त्याला भागीदार मानतो. आणि लाभात सामील झाल्या दिवसापासूनच्या पेढीच्या देण्यांना तो व्यक्तिशः जबाबदार ठरतो.

हे कलम आपल्या किती घरांत मुलाला वाचून दाखविले जाते? ‘अजून लहान आहे, त्याला काय कळते’ असे म्हणत घरचे गप्प राहतात, मुलगाही परीक्षांच्या घाईत असतो; आणि त्या सहा महिन्यांच्या मौनातच तो देणेकरी होऊन बसतो. वडिलांनी एका संध्याकाळी त्याला समोर बसवून पेढीचे देणे-घेणे समजावून सांगितले, तर तोच त्याच्या सज्ञानतेचा खरा समारंभ ठरेल.

जपानमध्ये असा समारंभ खरोखरच असतो. जानेवारीतील दुसऱ्या सोमवारी त्या देशात सज्ञानतेचा दिवस पाळला जातो, तरुण-तरुणी पारंपरिक पोशाखात एकत्र येतात. १ एप्रिल २०२२ पासून तेथे सज्ञानतेचे वय २० वरून १८ वर आणले गेले. तरीही अनेक गावांनी हा सोहळा विसाव्या वर्षीच ठेवला. कायदा वय बदलू शकतो, समाजाच्या मनातील वय मात्र आपल्या गतीने चालते, हेच त्यावरून दिसते.

वसई-विरारच्या दिनक्रमातील खुणा

आपल्याकडे असा दिवस नाही. आपल्याकडील खुणा रोजच्या धांदलीत विखुरलेल्या आहेत, आणि वसई-विरारसारख्या भागात त्या विशेष ठळकपणे दिसतात. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. तेव्हापासून या भागाचे घड्याळ रेल्वेच्या घड्याळाशी बांधले गेले आहे. जागेच्या टंचाईमुळे गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर सोडून अनेक व्यापारी कुटुंबे वसई रोड, नालासोपारा, विरार येथे राहावयास आली. काहींची दुकाने येथेच उभी राहिली, काहींनी वालीव, गोखिवरे, सातिवली येथे कारखान्याचे गाळे घेतले, तर काहींची पेढी अजूनही मुंबईतच आहे आणि घरातील कोणी तरी रोज पहाटेची लोकल पकडतो.

पहिली खूण पावसाची. लहान मुलाला रात्री मुसळधार पावसाचा आवाज ऐकू आला, की उद्या शाळेला सुटी मिळेल का, असा विचार त्याच्या मनात येतो. एका वर्षी तोच आवाज ऐकून तो अंथरुणात उठून बसतो, कारण दुकानातील खालच्या फळीवरचा माल त्याला आठवतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पुराचे पाणी शिरले, नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या आणि वीज गेली, तेव्हा या भागातील अनेक तरुण एका रात्रीत मोठे झाले. गुडघाभर पाण्यातून दुकान गाठणे, शटर उघडून कापडाचे तागे किंवा औषधांची खोकी माळ्यावर चढविणे, आणि घरी परतल्यावर ‘फारसे भिजले नाही’ असे सांगून वडिलांचा जीव शांत करणे, हे शाळेत कोणी शिकवीत नाही.

दुसरी खूण चालण्याची. वर्षानुवर्षे मुलगा वडिलांच्या मागे धावत रेल्वेचा पूल चढतो. मग एके दिवशी त्याच्या लक्षात येते, की आपणच दोन पायऱ्या पुढे आहोत आणि वडील कठड्याला हात लावून थांबले आहेत. तो थांबतो, हातातली पिशवी काढून घेतो, आणि ‘घाई नाही, पुढची गाडी आहे’ असे म्हणतो. गाडी हुकल्याचे दुःख त्याला होत नाही. त्याच सुमारास गाडीत एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी त्याला ‘काका, जरा सरकता का?’ असे विचारतो. प्रथम तो शब्द खटकतो. तिसऱ्या-चौथ्यांदा कानावर पडल्यावर तो निमूटपणे सरकतो.

तिसरी खूण कागदाची, किंवा आजच्या भाषेत मोबाइलची. पूर्वी गल्ल्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावरून घराचा कर्ता ओळखता येई. आता पेढीच्या खात्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, यावरून तो ओळखावा लागतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बँक नव्याने सहीचा नमुना मागते. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर छायाचित्र व सही नसते, तीही आता द्यावी लागते. आजवर वहीच्या मागच्या पानावर गिरवलेली वळणदार सही त्या दिवशी कायमची ठरते. नंतर महिन्यातील तारखांचा अर्थही बदलतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला अकरा आणि वीस या तारखा जीएसटीच्या म्हणून पाठ होतात. मित्र वीस तारखेला सहलीचा बेत करतात आणि हा काही न बोलता एकवीस सुचवितो.

चौथी खूण माणसांची. दुकानात वर्षानुवर्षे काम करणारा जुना नोकर, ज्याने या मुलाला खांद्यावर बसवून जत्रा दाखविलेली असते, एके दिवशी कोपऱ्यात बोलावून हळूच म्हणतो, ‘शेठ, मुलीच्या फीसाठी थोडी उचल पाहिजे होती.’ आजवर तो ‘बाबू’ किंवा ‘छोटे शेठ’ म्हणत असे. त्याने विशेषण गाळले, हे मुलाच्या लक्षात येते आणि मग उचलीचा आकडा ऐकू येतो. देणे सोपे असते. किती द्यावी, पगारातून कशी वळती करावी आणि दुसऱ्या नोकरांना अन्याय वाटणार नाही हे कसे पाहावे, हे ठरविताना त्याला वडिलांच्या जुन्या कडकपणाचा अर्थ प्रथमच समजतो. उधारीचेही तसेच. गोड बोलून उधार देणारे हात पुष्कळ असतात. ज्याची बाकी थकली आहे अशा ओळखीच्या गिऱ्हाइकाला अपमान न करता ‘आधीचे मिटवू या, मग पुढचे नेऊ’ असे सांगता येणे, ही कर्तेपणाची फार मोठी परीक्षा आहे.

पाचवी खूण सर्वांत अबोल. लहानपणी घरातील वाईट बातमी मुलापासून लपविली जाते. मोठी माणसे आतल्या खोलीत जाऊन बोलतात. मग एक दिवस असा येतो, की रुग्णालयातून किंवा गावाहून येणारा फोन प्रथम त्यालाच केला जातो. ‘तू आधी ऐकून घे, मग आईला सांग,’ असे मामा किंवा काका म्हणतात. आतल्या खोलीत जाऊन दार लोटणारा आता तोच असतो. घरातील लहानांपासून काय लपवावे आणि वडीलधाऱ्यांना काय, कसे, केव्हा सांगावे, हे ओझे ज्याच्यावर आले त्याला अठरा पूर्ण झाली की नाहीत, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारीत नाही.

या पाचही खुणा पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी कोणतीही खूण अधिकाराची नाही. किल्ली, सही, ओटीपी हे अधिकार वाटतात खरे. परंतु ते हाती येताच लोक विचारू लागतात. ‘जबाबदारी’ या शब्दातच ‘जबाब’ आहे. ज्याला जाब विचारला जातो आणि ज्याला उत्तर देता येते, किंवा निदान ‘उत्तर शोधून सांगतो’ असे म्हणून जो ते टाळीत नाही, तो जाणता.

सोपाऱ्याच्या बंदरावरची गोष्ट

आजचे नालासोपारा हेच प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरील एक मोठे बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेच सापडला. जैन परंपरेत या बंदराशी निगडित एक कथा आहे, आणि व्यापारी कुटुंबाच्या कर्तेपणाविषयी ती बरेच काही सांगून जाते.

बारा वर्षांचा भीषण दुष्काळ पडला होता. आचार्य वज्रस्वामींनी आपले शिष्य वज्रसेन यांना सांगितले होते, की ज्या दिवशी लक्ष मोलाचे अन्न शिजताना पाहाल, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुष्काळ संपेल. विहार करीत वज्रसेन सोपाऱ्यास आले. तेथे जिनदत्त नावाचा श्रेष्ठी, त्याची पत्नी ईश्वरी आणि नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर हे चार पुत्र राहात होते. घरात पैसा होता, बाजारात धान्य नव्हते. उरल्यासुरल्या धनातून ईश्वरीने लक्ष मोलाचे तांदूळ शिजवावयास ठेवले होते आणि त्यात विष कालवून सर्वांनी एकदमच देह ठेवावा, असे कुटुंबाने ठरविले होते. गोचरीस आलेल्या वज्रसेनांनी ते पाहिले, गुरूंचे वचन त्यांना आठवले आणि त्यांनी एवढेच सांगितले, की उद्यापर्यंत थांबा. कुटुंब थांबले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली.

कथा येथे संपली असती, तर ती केवळ चमत्काराची कथा झाली असती. परंतु परंपरा पुढे सांगते, की संकट टळल्यावर त्या कुटुंबाने दीक्षा घेतली आणि चार पुत्रांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. तपागच्छासह अनेक गच्छ आपला वंश त्यांतील चंद्रकुलाशी जोडतात.

या कथेत कर्तेपणाच्या दोन खुणा आहेत. पहिली, थांबता येणे. आज बाजार पडला, उद्या मोठा ग्राहक तुटला, कर्जाचा हप्ता चुकला, की तरुण मनाला सर्व संपल्यासारखे वाटते. त्या वेळी जो वडीलधाऱ्याजवळ, मित्राजवळ किंवा साधु-साध्वींजवळ मन मोकळे करतो आणि ‘उद्यापर्यंत थांबू’ हा सल्ला ऐकतो, तो दुर्बळ ठरत नाही. घरातील मोठ्यांनीही हे ओळखावे, की तोट्याची बातमी घेऊन घरी आलेल्या मुलाला प्रथम जेवावयास वाढावे. हिशेब सकाळी विचारता येतो. दुसरी खूण, भयात सुचलेला विचार भय ओसरल्यावरही टिकणे. रुग्णालयाच्या दारात केलेले संकल्प घरी येताच विसरले जातात. जिनदत्ताच्या घरात जहाजे लागल्यानंतर ते विसरले गेले नाहीत.

गल्ला एक, कर्ते किती?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये ‘उगवती प्रौढता’ अशी कल्पना मांडली. तेथील तरुणांना ‘मोठे होणे म्हणजे काय’ असे विचारले असता लग्न, नोकरी किंवा शिक्षण पूर्ण होणे यांपेक्षा तीन गोष्टी पुढे आल्या : स्वतःची जबाबदारी स्वतः घेणे, स्वतःचे निर्णय स्वतः घेणे आणि आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र होणे.

एकत्र कुटुंबातील व्यापाऱ्याला यांतील तिसरी कसोटी कशी लावावी? त्याच्या घरात गल्ला एक असतो. चाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला भाऊ घरखर्चाला त्याच गल्ल्यातून रक्कम घेतो आणि रोजमेळात नोंद करतो. तो स्वतंत्र नाही, म्हणून तो अजून लहान आहे का? उलट, भावाच्या आजारपणात, बहिणीच्या लग्नात, पुतण्याच्या शिक्षणात त्याचाच वाटा सर्वांत आधी निघतो. आपल्याकडील कर्तेपण वेगळे उभे राहण्यावरून मोजले जात नाही. कितीजण आपल्याला टेकून उभे आहेत, यावरून मोजले जाते.

तथापि या चांगल्या व्यवस्थेची एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात हित नाही. अनेक घरांत वडील हात सोडीत नाहीत. मुलगा पंचेचाळीस वर्षांचा होतो, बाजार त्याला शेठ म्हणतो. परंतु धनादेशावर सही वडिलांचीच, बँकेतील मोबाइल क्रमांक वडिलांचाच आणि गाळ्याची मूळ कागदपत्रे कोणत्या कपाटात आहेत हेही केवळ वडिलांनाच ठाऊक. यात अविश्वास असतोच असे नाही. बहुधा सवय असते, आणि काही अंशी रिकामे होण्याची भीती असते. मग एके रात्री वडिलांना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागते. ओटीपी येतो तो रुग्णालयाच्या पिशवीत ठेवलेल्या बंद फोनवर. नोकरांचे पगार थांबतात, माल देणारा थांबत नाही. काळजीने अर्धा झालेला मुलगा वडिलांच्या उशाशी बसण्याऐवजी बँकेत हेलपाटे घालतो. ज्याला वेळेवर मोठे होऊ दिले नाही, त्याला अशा वेळी फार कठोरपणे मोठे व्हावे लागते.

याच्या उलट टोकाला ती घरे, जेथे वडील अकाली जातात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दुकानाचे शटर उघडू लागतो. कायद्याच्या भाषेत तो अज्ञान असतो. त्याच्या आईला मात्र तोच आधार वाटतो. अशा घरांच्या बाबतीत आपल्या बाजारपेठांची एक जुनी रीत आहे : शेजारचा व्यापारी माल देणे बंद करीत नाही, काका-मामा संध्याकाळी हिशेब पाहून जातात आणि मुलगा शाळा सोडणार नाही, याची खात्री करतात. ही रीत टिकली पाहिजे. परिस्थितीने मोठे केलेल्या मुलाचे उरलेले बालपण सांभाळणे, हेही भोवतीच्या मोठ्यांच्या मोठेपणाचेच काम आहे.

लेकीची सही

मुलाविषयी आपण ‘हाताशी आला’ म्हणतो. मुलीविषयी काय म्हणतो? ‘लग्नाची झाली.’ भाषेतील हा फरक निरागस नाही. वसई-विरारमधील अनेक दुकानांत आज संगणकावरील हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि ग्राहकांचे संदेश मुलगी किंवा सूनच सांभाळते. ताळेबंद तिला पाठ असतो. पुरात भिजलेल्या बिलांची यादी तिनेच केलेली असते. तरीही ती ‘मदत करते’ आणि भाऊ ‘धंदा पाहतो’.

कायदा या बाबतीत घराच्या पुढे गेला आहे. जैन कुटुंबांनाही लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती करून मुलीला सहदायिकाचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो लागू झाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्मानेच मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मोठ्या मुलीला अविभक्त कुटुंबाची कर्ता होता येते, असा निर्णय दिला. ‘कर्ता’ या शब्दाला प्रथमच स्त्रीचे रूप शोधावे लागले.

हक्काचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यवहाराचा उरतोच. जी मुलगी रोज जाब देते, तिला सहीचा अधिकार नसेल, तर घराने तिच्याकडून कष्ट घेतले आणि विश्वास दिला नाही, असा अर्थ होतो. तिच्या सहीचा नमुना बँकेत देणे, तिला व्यवहाराच्या बैठकीत बसविणे आणि ‘हिला विचारा, हिला माहीत आहे’ असे ग्राहकासमोर सांगणे, या लहान खुणा आहेत. परंतु तिच्या आयुष्यात त्या मोठ्या ठरतात.

वहीवरील पहिले नाव

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, नव्या वह्यांचे पूजन होते. ‘श्री’ काढले जाते, आणि जैन पेढ्यांत गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण लिहिले जाते. वडील अनेक वर्षे ही पाने लिहितात. मग एखाद्या वर्षी ते लेखणी पुढे करतात आणि म्हणतात, ‘या वेळी तू लिही.’ आपल्या घरांत कर्तेपणाचा एखादा मुहूर्त असेलच, तर तो हाच.

तेथे गौतमस्वामींचेच नाव का, याचा विचार लिहिणाऱ्याने करावा. भगवान महावीरांचे हे पहिले गणधर. त्यांचे ज्ञान अपार होते. परंतु गुरूंवरील स्नेहाचा धागा उरला होता, म्हणून केवलज्ञान अडले होते, असे परंपरा सांगते. आश्विन अमावास्येस भगवंतांचे निर्वाण झाले. ज्यांच्याकडे पाहून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळत असे, ते राहिले नाहीत. त्या शोकातून गौतमस्वामींना आत्मबोध झाला आणि त्यांना केवलज्ञान प्राप्त झाले. ज्याच्या छायेत आपण वाढलो, ती छाया गेल्यावर आपल्या आत काय उभे आहे हे कळणे, याहून मोठे जाणतेपण कोणते? धंद्याच्या वहीच्या पहिल्या पानावर हेच नाव लिहिले जाते, हा योगायोग मानला तरी फार अर्थपूर्ण आहे.

संसारी माणसाने मात्र छाया जाण्याची वाट पाहात बसू नये. वडील समोर आहेत तोवरच कागद, खाती, सह्या आणि देणी-घेणी मुलांना, मुलींना समजावून सांगावीत. एखादा निर्णय त्यांच्यावर सोपवावा आणि तो थोडा चुकला तरी लोकांसमोर त्यांना झाकून घ्यावे. तरुणांनीही आपली परीक्षा स्वतः घ्यावी. संवत्सरीला शंभर जणांना एकच तयार संदेश पाठविणे सोपे आहे. ज्या चुलतभावाशी गाळ्याच्या वाटणीवरून तीन वर्षे बोलणे नाही, त्याच्या दारात जाऊन, आपला दोष अर्धाच आहे हे ठाऊक असताना, प्रथम ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणे कठीण आहे. ज्या वर्षी हे जमते, त्या वर्षी घरातील वृद्ध माणसे एकमेकांकडे पाहतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, ‘आता हाताशी आला.’ किंवा, ‘आता हाताशी आली.’